“बॉर्डर बंद आहे, म्हणून भाव नाही”: हे कितपत खरे?

अंजनीकाठ

सर्वांना नमस्कार. एरंडोल तालुक्यात आमची शेती असून यंदा, २०२५ च्या हंगामात, सात एकरांत कापूस आहे. दिवाळीच्या तोंडावर पहिली वेचणी घरात आली आणि खेडा खरेदीसाठी गावात आलेल्या व्यापाऱ्याने क्विंटलला ६,७०० रुपये भाव सांगितला. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये असताना एवढा फरक का, असे विचारल्यावर त्याने एका वाक्यात उत्तर दिले: “बॉर्डर बंद आहे, बांगलादेशात माल जात नाही.” मागच्या वर्षीही हेच वाक्य ऐकले होते, तेव्हा तिकडे सत्तापालट झाला होता. त्याच्या आधी “तिकडे डॉलर नाहीत” असे कारण होते.

त्या माणसावर मला खोटेपणाचा आरोप करायचा नाही. आमचे त्याच्याशी पंधरा वर्षांचे व्यवहार आहेत आणि अडीअडचणीला त्याने उचल दिलेली आहे. परंतु सीमा नेमकी कोणत्या मालासाठी बंद आहे, आपल्या गाठी खरोखर तिकडे जातात का, आणि तिकडे जे घडते त्याचा माझ्या ओसरीतल्या ढिगाशी किती संबंध आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. जिनिंगमध्ये (कापूस रेचून, म्हणजे सरकी काढून, गाठी बांधणाऱ्या कारखान्यात) काम करणारे, वाहतूकदार, कापडाचे दुकानदार, ज्यांना जे ठाऊक असेल ते त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातपुड्याचा_वारा

चोपड्यातही शब्दशः हेच वाक्य ऐकायला मिळते. उत्तराची मीही वाट पाहतो आहे.

रेचा

मी बोदवड परिसरातील एका जिनिंगमध्ये बावीस वर्षे हिशेब पाहतो आहे. आधी सरळ उत्तर देतो. कापसाच्या गाठींसाठी बांगलादेशची सीमा बंद नाही. पश्चिम बंगालमधील पेट्रापोल या सीमेवरच्या ठाण्यामार्गे रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी नेण्यास आपल्याकडून मनाई नाही आणि त्यांच्याकडूनही नाही. जे बंद झाले आहे ते सूत आणि तयार कपडे; त्याविषयी अधिक माहिती असणारे लिहितीलच.

आता भावाचा हिशेब मांडतो, कारण तो कळल्याशिवाय सीमेचा प्रश्न नीट समजणार नाही. एक क्विंटल कपाशीपासून आपल्या भागात साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी मिळते, बाकी कचरा व घट. म्हणजे १७० किलोच्या एका गाठीसाठी पाच क्विंटल कपाशी लागते. रुईचा भाव खंडीवर चालतो आणि खंडी ३५६ किलोंची असते. खंडी ५४,००० रुपये धरली तर रुई किलोला सुमारे १५२ रुपये पडते आणि ३४ किलोंचे ५,१५७ रुपये होतात. सरकी किलोला ३५ रुपये धरली तर ६४ किलोंचे २,२४० रुपये होतात. दोन्ही मिळून ७,३९७ रुपये. यातून रेचणी, गाठ बांधणी, हमाली, वाहतूक, बँकेचे व्याज आणि ओलाव्याची घट काढा. व्यापारी ६,७०० रुपये का म्हणतो, ते लक्षात येईल. त्याचा भाव हमीभावावरून ठरत नाही. तो खंडी आणि सरकी पाहूनच बोलतो.

खंडीचा भाव कोण ठरवतो, हा खरा प्रश्न आहे. त्यात बांगलादेशचा वाटा आहे, पण तो एकटा नाही.

भुसावळ_जंक्शन

रेचा यांनी सूत आणि कपड्यांचा उल्लेख केला आहे, त्यावर भर घालतो. मी वाणिज्य शाखेत शिकवतो आणि हा विषय वर्गात मांडताना मुलांचाही नेमका येथेच गोंधळ होतो, म्हणून क्रमाने लिहितो.

८ एप्रिल २०२५ रोजी भारताने बांगलादेशला दिलेली एक सवलत काढून घेतली. बांगलादेशचा माल भारतीय विमानतळ आणि बंदरांमार्गे तिसऱ्या देशात पाठवण्याची ही सोय २०२० पासून चालू होती. त्याच महिन्यात बांगलादेशने भारतीय सुताची भूमार्गे होणारी आयात थांबवली. बेनापोल, भोमरा, सोनामसजिद, बांगलाबंधा आणि बुरीमारी ही ठाणी सुतासाठी बंद झाली. समुद्रमार्गे सूत पाठवता येते, परंतु खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. त्यानंतर १७ मे रोजी भारताने बांगलादेशचे तयार कपडे फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता या दोनच बंदरांतून येतील असा आदेश काढला, आणि जूनअखेर तागाच्या मालावर तशीच बंधने घातली.

यांपैकी एकाही आदेशात कच्चा कापूस नाही. त्यामुळे व्यापाऱ्याचे वाक्य जसेच्या तसे घेतले तर चूक आहे. मात्र सूत कापसापासूनच बनते. दक्षिणेतील किंवा गुजरातमधील सूत गिरणीचे बांगलादेशला जाणारे सूत अडले तर ती गिरणी गाठी कमी उचलते आणि खंडी नरम पडते. आपल्या गाठी बांगलादेशात गाठ म्हणून जातात, तशाच सूत होऊनही जातात. त्या अर्थाने पाहिल्यास वाक्यात तथ्य आहे.

सहा_नंबर_हायवे

धुळ्यात आमच्या चार गाड्या आहेत. जुना सहा नंबरचा महामार्ग, ज्याला आपल्या भागात आता ५३ म्हणतात, तो सुरतेहून निघून आपल्या धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळवरून थेट कोलकात्याला जातो. अंजनीकाठ, आपल्या तालुक्याच्या गावावरून जाणारा रस्ताच पुढे पेट्रापोलच्या वाटेला लागतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जळगावहून कोलकाता दीड हजार किलोमीटरांहून अधिक आहे आणि तेथून सीमा आणखी ऐंशी किलोमीटरांच्या आसपास.

एका गाडीत साधारण १०० गाठी बसतात, म्हणजे १७ टन. चालकाला रस्त्याची भीती नसते; त्याला चिंता असते ती बनगावला पोहोचल्यानंतरची. तेथे गाड्या रांगेत लागतात, मग आपली गाडी पलीकडे बेनापोलच्या आवारात जाते, तेथे माल उतरतो, बांगलादेशी गाडीत चढतो आणि आपली गाडी रिकामी परत येते. पूर्वी या रांगेत आठवडे जात असत. २०२२ पासून पश्चिम बंगालमध्ये ‘सुविधा’ नावाची ऑनलाइन नोंदणीची पद्धत आली आणि वेळ आधी ठरवता येऊ लागली. त्यामुळे पुष्कळ फरक पडला.

ऑगस्ट २०२४ मध्ये आमची एक गाडी तेथेच होती. ५ ऑगस्टला ढाक्यात सरकार कोसळले आणि काम थांबले. चालक आमच्याच गावचा, वयाने लहान. त्याची आई रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत असे आणि फोन लागला का, एवढेच विचारत असे. काही दिवसांत व्यवहार सुरू झाला आणि मुलगा सुखरूप परत आला. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे, पैसे मागताना माल पाठवणाऱ्याने हात वर केले, तो वेगळा विषय आहे. सीमा बंद झाली म्हणजे काय होते, हे आमच्या घराने त्या दिवसांत पाहिले आहे, म्हणून ते शब्द सहज वापरलेले मला रुचत नाहीत.

ओसरी

अंजनीकाठ भाऊ, तुमच्या “ओसरीतल्या ढिगा”वरून लिहावेसे वाटले. माझे नावही तेच आहे.

२०२१-२२ च्या हंगामात आमच्या पाचोरा भागात कापूस दहा हजारांच्या वर गेला. मे २०२२ मध्ये खंडीने एक लाखाचा टप्पा ओलांडल्याचे सर्वांना आठवत असेल. पुढच्या वर्षी प्रत्येकाला वाटले की पुन्हा तसेच होईल. आमच्या घरात पुढची खोली, मधली खोली आणि माळवद, सगळीकडे कापूस भरला होता. पाहुणे आले तर बसायला जागा नव्हती. उन्हाळा लागला तसे लेकरांच्या अंगाला खाज सुटू लागली, पुरळ आले, सासूबाईंना रात्र रात्र झोप लागत नसे. शेवटी जूनमध्ये, पेरणीला पैसे हवेत म्हणून, सात हजारांच्या आसपास विकला. घट झाली ती वेगळीच.

त्या वर्षीच आम्हाला “तिकडे डॉलर नाहीत” हे कारण सांगितले गेले. ते खरे होते का, हे मला आजही कळलेले नाही. कोणी सांगेल का?

भुसावळ_जंक्शन

ओसरी ताई, ते कारण पुष्कळ अंशी खरे होते. युक्रेनच्या युद्धानंतर इंधन आणि धान्य महागले, बांगलादेशची परकीय गंगाजळी घटली आणि तेथील बँका आयातीची पतपत्रे उघडताना हात आखडता घेऊ लागल्या. पतपत्र म्हणजे मालाचे पैसे मिळतील याची बँकेने दिलेली हमी. ती नसेल तर येथील निर्यातदार गाडी भरत नाही. भारताची कापूस निर्यात २०२१-२२ मध्ये ४२ ते ४३ लाख गाठी होती, ती २०२२-२३ मध्ये १६ लाख गाठींच्या आसपास आली. ११ जुलै २०२३ रोजी दोन्ही देशांनी रुपयांत व्यवहाराची सोय सुरू केली, तिच्यामागे हीच टंचाई होती. परंतु बांगलादेश आपल्याला विकतो थोडे आणि आपल्याकडून घेतो पुष्कळ, त्यामुळे त्यांच्याकडे रुपये तरी कोठून येणार? ती सोय फार पुढे गेली नाही.

तथापि केवळ डॉलरमुळे घसरण झाली असे मी म्हणणार नाही. त्या वर्षी आपली रुई जागतिक बाजारापेक्षा महाग होती, कारण आपण सर्वांनीच कापूस घरात ठेवला होता. गिऱ्हाइकाने ब्राझीलचा आणि आफ्रिकेचा माल घेतला.

ब्लो_रूम

मूळ गाव अमळनेर. सूत गिरणीचे शिक्षण घेतले, परंतु आमच्या आजोबांनी ज्या प्रताप मिलमध्ये नोकरी केली ती माझ्या वेळेपर्यंत राहिली नव्हती, म्हणून दक्षिणेत आणि पुढे सहा वर्षे बांगलादेशात गाझीपूर जिल्ह्यातील एका गिरणीत काम केले. या धाग्यावर गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिणारा बहुधा मीच असेन.

बांगलादेश स्वतः पिकवतो तो कापूस त्याच्या गरजेच्या अगदी थोडक्या टक्क्यांएवढा आहे. जवळजवळ सर्व कापूस बाहेरून येतो आणि कपड्यांची निर्यात हा त्या देशाच्या एकूण निर्यातीचा चार पंचमांशांहून मोठा भाग आहे. त्यामुळे गिरणीत कापूस संपणे ही तेथे फार गंभीर गोष्ट समजली जाते. आमच्या मिक्सिंगमध्ये, म्हणजे निरनिराळा कापूस एकत्र मिसळताना, एका वेळी तीन-चार देशांच्या गाठी असत: पश्चिम आफ्रिकेच्या, ब्राझीलच्या, मध्य आशियाच्या आणि आपल्या. ब्राझीलचा माल जहाजाने चट्टग्राम बंदराला यायला दोन महिने किंवा अधिक लागत, तर भारतीय माल गाडीने दोन-तीन आठवड्यांत दारात येत असे. आपल्या कापसाची तेथे खरी किंमत ही आहे. जहाज उशिरा आले, ऑर्डर अचानक वाढली, की खरेदी विभाग लगेच भारतात फोन लावत असे. कमी साठ्यावर गिरणी चालवता येते म्हणजे व्याज वाचते, आणि ते वाचलेले व्याज आपल्या भावात थोडेफार उतरते.

आता कटू वाटेल असेही लिहितो. भारतीय गाठ फोडली की त्यात प्लास्टिकच्या गोण्यांचे धागे, सुतळी, केस, कधी गुटख्याच्या पुडीचे तुकडे निघत. ब्लो रूमच्या (गाठीतला कापूस मोकळा करून साफ करण्याच्या विभागाच्या) आधी वीस-पंचवीस बायका रांगेने बसून हाताने ते वेचत. प्लास्टिकचा धागा सुतात गेला तर रंगवलेल्या कापडावर पांढरी रेघ उमटते, कारण त्याला रंग चढत नाही, आणि युरोपचा खरेदीदार पूर्ण लॉट परत करतो. म्हणून धाग्याची लांबी तीच असली तरी आपल्या मालाला ते कमी पैसे देत. शंकर-६ या कापसाच्या वाणाच्या म्हणून आलेल्या गाठींवर महाराष्ट्रातील जिनिंगचे शिक्के पाहिले की मला अभिमान वाटायचा, आणि त्या फोडल्यावर वाईट वाटायचे.

फुले_मार्केट

जळगावच्या फुले मार्केटमध्ये आमचे तयार कपड्यांचे दुकान आहे. ब्लो रूम यांनी सांगितलेली साखळी आमच्या फडताळापर्यंत येते. लहान मुलांचे टी-शर्ट आणि पुरुषांच्या जीन्स यांत बांगलादेशचा माल गेल्या सात-आठ वर्षांत पुष्कळ वाढला. त्याचे एक कारण जीएसटी आहे. अल्पविकसित देश म्हणून बांगलादेशच्या कपड्यांवर भारतात सीमाशुल्क आधीच नव्हते. जे दुसरे शुल्क लागत असे ते १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेले आणि तो माल येथील कारखान्यांच्या मालाला भारी पडू लागला. तिरुपूरचे आमचे पुरवठादार तेव्हापासून तक्रार करतात.

मे महिन्यातील आदेशानंतर तोच माल चट्टग्रामहून जहाजाने, बहुधा कोलंबोत जहाज बदलून, न्हावाशेव्याला येतो. नकाशावर आपल्याला कोलकात्यापेक्षा मुंबई जवळ असली तरी माल उशिरा येतो. यंदा दिवाळीचा काही माल दिवाळी संपल्यावर उतरला. आम्ही तिरुपूर आणि लुधियानाचा माल वाढवला. त्यामुळे येथील गिरण्यांना आणि पर्यायाने आपल्या कापसाला लाभ झाला असेल तर मला आनंद आहे, परंतु अंजनीकाठ यांना सांगितलेल्या भावात तो दिसत नाही.

पांढरं_सोनं

मला या सर्व चर्चेत एक गोष्ट खटकते. आपला कापूस घ्यायचा, त्याचे कपडे करायचे आणि आपल्याच बाजारात करमुक्त विकून आपले कारखाने बंद पाडायचे, हा कसला व्यापार? पूर्ण बंद करावा. गाठही जाऊ नये आणि शर्टही येऊ नये. आपल्या कापसाचे आपल्या देशात कापड होऊ द्या.

रेचा

पांढरं सोनं, आपली तळमळ समजते, परंतु आकडे पाहिले पाहिजेत. २०२३-२४ मध्ये भारताने बांगलादेशला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्यांच्याकडून २ अब्ज डॉलरपेक्षाही कमी घेतला. २०२१-२२ मध्ये तर आपली विक्री १६ अब्जांवर गेली होती. त्या विक्रीत कापूस, सूत आणि सुती कापड यांचा गट सर्वांत मोठा आहे. पूर्ण बंद केल्यास पहिला फटका आपल्या जिनांना, आणि संध्याकाळपर्यंत आपल्या शेतकऱ्याला बसेल. आमच्या जिनमध्ये हंगामात साठ मजूर असतात. मागणी थांबली की पाळी बंद होते आणि त्यांच्या हातचे काम जाते.

शेवडीचा_कांदा

साक्री तालुक्यातून लिहितो आहे, कांदा उत्पादक आहे. विषय कापसाचा आहे हे जाणतो, तरीही कांद्याचा अनुभव येथे उपयोगी पडेल.

बांगलादेश आमचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. २९ सप्टेंबर २०१९ रोजी आपण निर्यात एका दिवसात बंद केली. काही दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी भर कार्यक्रमात सांगितले की आधी कळवले असते तर दुसरी सोय करता आली असती, आता मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितले आहे. पुढे १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी आली. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा. तिन्ही वेळा सीमेवर भरलेल्या गाड्या अडकल्या. बांगलादेशने काय केले? म्यानमार, तुर्कस्तान, इजिप्त, चीन, पाकिस्तान, मिळेल तेथून कांदा आणला आणि स्वतःची लागवड वाढवली. आज त्यांचा कांदा निघाला की ते आमचा थांबवतात. आपणच गिऱ्हाइकाला दुसरे दुकान दाखवले, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्लो_रूम

शेवडीचा कांदा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. कापसातही हे घडले आहे. एप्रिल २०१० मध्ये आणि पुन्हा ५ मार्च २०१२ रोजी भारताने कापूस निर्यात अचानक थांबवली. दुसऱ्या वेळची बंदी थोड्याच दिवसांत शिथिल झाली. मी गाझीपूरला गेलो तेव्हा त्या गोष्टीला वर्षे लोटली होती, तरी आमचे बंगाली खरेदी व्यवस्थापक प्रत्येक बैठकीत २०१२ चे नाव काढीत आणि एकूण खरेदीच्या ठराविक हिश्श्यापेक्षा जास्त माल भारताकडून घ्यायचा नाही, असे बजावीत. बंदी उठली, परंतु त्यांचा तो नियम तसाच राहिला.

आता त्यांनी सुतासाठी भूमार्ग बंद केला आहे, त्यामागे त्यांच्याच सूत गिरण्यांची मागणी होती. त्यांचे म्हणणे असे की भारतीय सूत भूमार्गाने इतक्या स्वस्तात येते की आम्ही टिकत नाही. त्यात गॅसचा दाब कमी, वीज महाग. मी तेथे असताना गॅसअभावी निम्मे स्पिंडल (सूत कातणाऱ्या चात्या) बंद ठेवावे लागत. म्हणजे पांढरं सोनं यांच्यासारखे बोलणारे लोक तिकडेही आहेत आणि त्यांनाही आपल्या कामगारांचीच काळजी आहे.

केळीबाग_रावेर

आमच्या रावेर-यावलची केळी कंटेनरमधून आखाती देशांत जातात. तेथील खरेदीदार फण्यांचा आकार, डाग आणि पेटीचे वजन यांबाबत जराही तडजोड करत नाही, आणि आम्ही ते शिकलो, कारण फरक रोख पैशांत दिसला. कापसाच्या स्वच्छतेसाठी शेतकऱ्याला वेगळा भाव मिळतो का? मिळत नसेल तर तो का राबेल?

ओसरी

केळीबाग दादांनी मोलाचा प्रश्न विचारला. कापूस वेचतात त्या आम्ही बायका. किलोवर मजुरी मिळते, त्यामुळे हात भरभर चालवावा लागतो. गाठोड्याला जे हाताशी असेल ते वापरले जाते, आणि सध्या हाताशी खताच्या प्लास्टिक गोण्याच असतात. मी दोन वर्षे जुन्या सुती साड्यांच्या झोळ्या शिवून दिल्या आणि डोक्याला रुमाल बांधायला सांगितले. कापूस पांढराशुभ्र निघाला. व्यापाऱ्याने हातात घेऊन “छान आहे” म्हटले आणि भाव शेजाऱ्याच्या कवडीमिश्रित मालाएवढाच दिला. ब्लो रूम दादा ज्या पंचवीस बायकांबद्दल लिहितात त्यांचे काम मी येथे फुकट केले, असे त्या दिवशी मला वाटले.

रेचा

ताई, हे आमच्या बाजूचे अपयश आहे आणि मी ते मान्य करतो. जिनमध्ये सर्व गावांचा माल एका ढिगावर पडतो. स्वच्छ कापूस वेगळा रेचायचा तर तेवढा माल एकत्र मिळायला हवा. शंभर गाठींच्या एका लॉटला पाचशे क्विंटल लागतात. एखाद्या गावाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एवढा माल एकत्र आणला तर वेगळी रेचणी होऊ शकते. केंद्राने २०२० मध्ये ‘कस्तुरी’ या नावाने भारतीय कापसाची ओळख निर्माण करण्याचे काम सुरू केले आहे, त्याची अटही हीच आहे की गाठीचा माग लागला पाहिजे. आमच्या मालकांशी मी याविषयी बोलतो.

नवापूर_नाका

शिरपूरला आणि आमच्या नवापूरला वस्त्रोद्योगाचे कारखाने उभे राहिले आहेत, तरी खान्देशात पिकणाऱ्या कापसाच्या मानाने ते फार थोडे आहेत. गाठ येथून जाते तेव्हा तिच्याबरोबर सूत, कापड आणि शिलाईची मजुरीही बाहेर जाते. मला व्यापार बंद नको, परंतु दूर दक्षिणेतील गिरणीत जाऊन आपली गाठ सूत होते आणि तेथून बांगलादेशला जाते, यातील एक टप्पा तरी तापीकाठी व्हायला हवा.

भुसावळ_जंक्शन

मूळ प्रश्नाकडे वळतो. यंदाच्या भावाला सीमेपेक्षा मोठी कारणे आहेत आणि ती व्यापारी सांगत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क लावले गेले. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावले, तर बांगलादेशच्या मालावर २० टक्के. आपल्या कापड उद्योगाला दिलासा म्हणून सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे आयात शुल्क शून्य केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली वेचणी नेमकी ज्या तीन महिन्यांत होते, त्याच काळात बाहेरचा कापूस विनाशुल्क आला. २०२४-२५ च्या हंगामात भारताची कापूस आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? एकेकाळी आपण जगाला कापूस विकत होतो आणि आज ब्राझीलची गाठ आपल्या दारात आली आहे. मला याची खंत आहे.

बांगलादेशपुढेही अवघड वळण आहे. २४ नोव्हेंबर २०२६ रोजी तो अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडेल असे ठरले होते. त्यानंतर भारतातील करमुक्त प्रवेशाचा आधार बदलेल; युरोपीय संघाने मात्र २०२९ पर्यंत मुदत दिली आहे. दोन्ही देशांनी नवा करार करायचा तर वेळ थोडा आहे आणि संबंध सध्या ताणलेले आहेत. तो करार झाला तर त्यात कच्च्या कापसाची आणि सुताची ये-जा अचानक न थांबवण्याचे कलम असावे, असे मला वाटते. शेवडीचा कांदा यांनी मांडलेला अनुभव दोन्ही बाजूंना लागू पडतो.

पांढरं_सोनं

आयात शुल्काची माहिती मला नव्हती. माझा राग ढाक्यावर होता. पूर्ण बंदीचा आग्रह मी मागे घेतो, परंतु कपड्यांच्या करमुक्त आयातीबाबत माझे मत कायम आहे. चिनी कापड तेथे शिवून येथे करमुक्त येत असेल तर त्यात आपल्या कापसाचा संबंध उरत नाही.

भुसावळ_जंक्शन

हा आक्षेप रास्त आहे. विणलेल्या शर्ट-पँटच्या कापडासाठी ते मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहेत, तर टी-शर्टसारख्या होजियरी मालात त्यांचे स्वतःचे, म्हणजे बऱ्याचदा आपल्या कापसाचे, सूत असते. सवलत देताना हा भेद करता येईल.

अंजनीकाठ

उत्तरास उशीर झाला, क्षमस्व. दुसरी वेचणी चालू होती. आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार.

रेचा यांचा हिशेब कागदावर उतरवून मी व्यापाऱ्याकडे गेलो. त्यांना बसवून विचारले, “नाना, सीमा गाठींना बंद नाही ना?” त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले की बंद नाही, परंतु ते ज्या जिनला माल देतात ती जिन दक्षिणेतील एका गिरणीला गाठी पुरवते, त्या गिरणीचे सूत बांगलादेशला जात असे आणि आता तिने खरेदी निम्म्यावर आणली आहे; जिनवाल्याने त्यांना “बॉर्डर बंद” एवढेच सांगितले आणि त्यांनी ते आम्हाला सांगितले. भुसावळ जंक्शन सरांनी जे लिहिले होते तेच हे झाले. आयात शुल्काचे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्यांचा स्वतःचाही दोनशे क्विंटल कापूस गोदामात आहे.

मी ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी करून हमीभावाने खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर पहिला तीस क्विंटल नेला. ओलावा ११ टक्के निघाला. आठ टक्क्यांवर प्रत्येक टक्क्याला ८१ रुपये १० पैसे कपात होते, त्यामुळे ८,११० ऐवजी ७,८६६ रुपये ७० पैसे लागले. उरलेला कापूस पत्र्यावर पसरला आहे. दोन दिवस ऊन चांगले पडले तर आठ-नऊवर येईल.

ओसरी ताईंच्या झोळ्यांविषयी घरात सांगितले. आईने चार जुनी लुगडी काढून ठेवली आहेत. आमच्या आळीतील नऊ घरे मिळून पाचशे क्विंटल होतात का, हे मी मोजत आहे. तीनशे चाळीसपर्यंत आलो. रेचा, आपल्या मालकांना तेवढ्यावर वेगळी रेचणी जमेल का, ते कृपया विचारून कळवा.